विचारलं तेवढंच

साहेबांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि नेमका तेव्हाच टेबलावरचा फोन वाजला. विनोदनं फोटो पाठवला होता. विनोद माझा चुलत भाऊ, करडीच्या केशवकाकांचा मुलगा. दिवाळीला एक पणती आणि संक्रांतीला एक पतंग, असे वर्षाला दोन फोटो पाठवण्यापलीकडे त्याचं माझं काही नाही. हा फोटो पणतीचा नव्हता. कापून बांधीत, म्हणजे खाचरात, पसरलेला धान, काळा पडलेला, चिखलात बसलेला, आणि त्याच्या लोंबांतून वर आलेले बोटबोटभर कोंब, हिरवेगार. खाली एक अक्षर नाही. शिवी असती तर बरं झालं असतं, शिवीला उत्तर तरी देता येतं. "घ्या न मॅडम, आज तुमचाच मान आहे," साहेब म्हणाले. सगळे बघत होते. मी पेढा तोंडात टाकला. करणार काय होते, हातात धरून किती वेळ उभी राहणार? आणि मेला गोड लागला, चांगला लागला, खवा ताजा होता. याचीच मला चीड आली, ती अजून गेलेली नाही.

पेढे कशाचे, तर थंडीचे. आमचं हवामान केंद्र भंडाऱ्यात आहे. दोन खोल्या, मागे गवताचा चौकोन आणि त्यात थर्मामीटरची पांढरी पेटी. मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांसाठी सल्ला काढतो, खाली माझं नाव असतं आणि तो सल्ला कोणी वाचत नाही. ऑक्टोबरात आमच्या जिल्ह्याला एकच धास्ती असते, पावसाची. कापलेला धान दोन-तीन दिवस बांधीतच पसरून वाळवतात, त्याला कडपा म्हणतात, आणि कडपांवर पाणी पडलं की वर्ष बुडालं. थंडीचं नाव कोणी काढत नाही. पंखे चालू असतात, गोधड्या पेटीत असतात, बायका दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला फराळ काय करायचा ते बोलत असतात. अशा दिवसांत मी सांगितलं की गुरुवारी पहाटे पारा अकरावर येईल, आणि गुरुवारी पहाटे तो आला. अकरा म्हणजे काही बर्फ नाही, स्वेटर घातलं की माणसाचं भागतं. पण भारी धान, म्हणजे उशिरा पिकणारा, त्या आठवड्यात फुलोऱ्यात असतो, आणि फुलोऱ्यातल्या धानाला एवढी थंडी सोसत नाही. लोंब पांढरी पडते, दाणा भरत नाही, हाती पोचा येतो. उपाय एकच. बांधीत वीतभर पाणी भरून ठेवायचं, पाणी ऊब धरतं. ज्यांनी भरलं त्यांचा वाचला. एकोडीकडच्या लोकांनी भरलं नाही, त्यांच्या लोंबा आता चांदीसारख्या पांढऱ्या उभ्या आहेत. आज आठ दिवसांनी वरून कौतुकाचं पत्र आलं, 'वेळेपूर्वी आणि अचूक'. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं, दोनदा.

वेळेपूर्वी. किती वेळेपूर्वी, ते पत्रात नाही. सल्ला निघाला मंगळवारी दुपारी. मला कळलं होतं सोमवारी संध्याकाळी. पाच वाजले होते, बाकीचे घरी गेले होते, आणि पडद्यावर उत्तरेकडून एक निळा पट्टा खाली उतरत होता, आधी जबलपूर, मग बालाघाट, मग आम्ही. मला वाटलं, यंत्राला खूळ लागलं. मी तो नकाशा तीनदा उघडला. तेव्हाच फोन आला. "पोरी, पाऊस आहे का?" ना राम राम, ना कशी आहेस. केशवकाका फोनवर असेच बोलतात, जसं काही मागून कोणी फोन हिसकणार आहे. मी म्हटलं, "नाही काकाजी." ते म्हणाले, "पक्कं न?" मी म्हटलं, "आठ दिवस थेंब नाही." "मंग उद्याच इळा लावतो. हलका धान पिकला, उभा ठेवून काय करू?" समोर तो निळा पट्टा होता. मी म्हटलं, "बरं." ते म्हणाले, "बरं, ठेवतो." ठेवलाही. अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल. मी एकही शब्द खोटा बोलले नाही, हे मी तेव्हापासून स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता ते ऐकून मलाच ओकारी येते.

काकांच्या बांध्या कुठे आहेत आणि आमच्या कुठे, हे कळल्याशिवाय त्या "बरं"चा अर्थ कळायचा नाही. करडीचा तलाव वर, त्याची नहर, म्हणजे कालवा, येते ती काकांच्या पहिल्या बांधीच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत. तिथून पुढे नहर नाही. खालच्यांना पाणी हवं असेल तर ते काकांच्या चार बांध्यांमधूनच उतरतं, एका बांधीतून दुसरीत. काकांकडे हलका धान, दिवाळीआधी पिकणारा. खाली नऊ घरांचा भारी धान, नवव्या घरी माझी आई, शकुनबाई, अगदी नाल्याच्या काठाला. पिकलेला धान उभा असताना पायात चार दिवस पाणी राहिलं तर त्याचं काही बिघडत नाही. पण कापून आडवा केलेला धान पाण्यात गेला की संपला, तो तिथल्या तिथे उगवतो. मला सोमवारी हे सगळं एका दमात दिसलं होतं. थंडी येणार, खालच्यांना पाणी लागणार, पाणी काकांच्या कडपांवरून जाणार. "काकाजी, दोन दिवस थांबा." एवढंच. तीन शब्द आणि एक काकाजी. वरचाही वाचला असता, खालचाही वाचला असता, आणि पत्र तेव्हाही आलं असतं.

नियम आहे, आहे ना. मंजुरीच्या आधी आकडा बाहेर सांगायचा नाही. साहेब मला पहिल्या दिवसापासून हे सांगत आले आहेत आणि मी अकरा वर्षांत एकदाही मोडलेला नाही. पहिले तीन दिवस मी या नियमाला बिलगून होते. मग एका सकाळी चहा गाळताना गाळणी हातातच राहिली, कारण मला सात वाजता केलेला फोन आठवला. त्याच सोमवारी, काकांच्या फोननंतर दोन तासांनी, मी आईशी बोलले होते. आईनं मला काहीही विचारलं नव्हतं. ती वाल फोडीत होती, शेजारणीच्या सुनेबद्दल सांगत होती. मी मध्येच तिला तोडून म्हटलं, "आई, गुरुवारपासून जोराची थंडी येऊन राहिली. बांधीत पाणी ठेव. नसेल तर मागून घे." आई म्हणाली, "आता कायची थंडी, वं?" मी म्हटलं, "मी सांगते न." वाल फोडायचा आवाज थांबला आणि मला कळलं की तिनं ऐकलं. कुठे गेला होता नियम? जेवायला गेला होता? मी फोन ठेवला आणि वरणाला फोडणी दिली. मला काहीच वाटलं नाही. हे मी लिहून देऊ शकते, त्या संध्याकाळी मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

आता वाटतं तर सगळं एकदम वाटतं. बाबा गेले तेव्हा मी बारावीत होते. तेरवी झाली आणि पंधरा दिवसांत काकांनी हिस्सेवाटणी केली, वरच्या चार बांध्या त्यांच्या, नाल्याकाठच्या तीन आमच्या. बैठकीत आमच्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं; आई पदर तोंडावर घेऊन दाराआड बसली होती आणि मी तिच्या मागे. काका म्हणाले होते, "वहिनीले खालच्याच बऱ्या. तिथं पानी आटत नाही. बाई मानूस, पान्यासाठी कोनाशी भांडत बसन?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही आणि त्यानंतर सोळा वर्षं रोज बोलली. "वरची मलई त्यानं खाल्ली अना खालचं पानी मले पाजलं." भात वाढताना, कपडे धुताना, मला बसस्टँडवर सोडताना. मी ऐकत आले. मला वाटायचं, मी शिकलेली आहे, मला हे लागत नाही. नाल्याकाठच्या बांध्यांची ओल खरंच आटत नाही, वीतभर उभं पाणी तेवढं वरूनच यावं लागतं; दुष्काळाच्या दोन सालांत आमचा धान उभा होता आणि काकांचा जळला, हेही मला माहीत आहे. काका तेव्हा खरं बोलले की गोड बोलून गळा कापला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही. आईचं बोलणं पोटात एवढं साठलं होतं की सोमवारी पाच वाजता ते माझ्या तोंडून बाहेर आलं, आणि बाहेर येताना त्याचं फक्त "बरं" झालं.

बुधवारी काय झालं ते मला आईनं फोनवर सांगितलं, इतक्या आनंदात की मध्ये श्वास घ्यायला थांबत नव्हती. मंगळवारी काकांनी चारही बांध्या कापून टाकल्या होत्या, मोहाडीहून मजूर बाया आणल्या होत्या. बुधवारी सकाळी खालची नऊ घरं तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, जमली, आई सगळ्यांच्या पुढे. पाणी वाटपाच्या समितीचे अध्यक्ष केशवकाकाच. काकांच्या बाजूचे लोक ओरडले, कडपा पडल्या आहेत, पाणी सोडाल तर पाप लागेल. खालचे ओरडले, आमचा निसवलेला, फुलोऱ्यातला धान मारता का? कोणीतरी म्हणालं, ऑक्टोबरात कुठली थंडी, ह्या मोबाईलच्या बाता आहेत. तेव्हा काकांनी चष्मा लावला, विनोदच्या फोनवर सल्ला उघडला आणि शेवटपर्यंत वाचला. "अना मंग तो काय म्हनला, माहीत आहे का?" आई म्हणाली. "म्हने, खाली हर्षाचं नाव आहे. ते पोरगी खोटं लिहीत नाही. सोडा पानी." आई हसली. सोळा वर्षांत काकांचं नाव घेऊन ती पहिल्यांदा हसली असेल. मजूर बायांना परत बोलावून काकांनी एका बांधीतल्या कडपा धुऱ्यावर उचलून ठेवल्या, बाकी तिन्हींत वेळच मिळाला नाही. गेट त्यांनी स्वतःच्या हातानं उघडलं. आईला यात विजय दिसला. मी "हो का" म्हणाले आणि खुर्चीवर बसले. 

आणि त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. गुरुवारी सकाळी सातला मी पेटीचं दार उघडलं. गवत ओलं होतं, बोटं बधिर झाली होती, बाजूच्या कॉलनीतला एक म्हातारा टॉवेल डोक्याला गुंडाळून फिरायला निघाला होता. रात्री पारा जिथपर्यंत उतरला तिथे थर्मामीटरमधली बारीक काडी थांबून राहते. ती अकरा पूर्णांक दोनवर थांबली होती. आणि मी हसले. एकटी, गवतात उभी राहून, दात दिसतील एवढी हसले. शुक्रवारी दहा पूर्णांक सहा, तेव्हा तर मी मूठच आवळली. त्या वेळी करडीत तिन्ही बांध्यांत पाणी उभं होतं, कडपा फुगत होत्या, आणि मला हे माहीत होतं, आणि मला हवं होतं की पारा अजून खाली जावा. कारण थंडी आली नसती तर काकांचा धान फुकट गेला असता आणि मी सापडले असते. थंडी आली म्हणजे धान कारणी लागला. जेवढी कडाक्याची थंडी, तेवढी मी स्वच्छ. असा हिशेब माणसाला सकाळी सात वाजता सुचतो, दात घासायच्या आधी. मग मी थर्मामीटर तिरका करून काडी परत जागेवर आणली, वहीत आकडा लिहिला आणि आत जाऊन चहा प्यायले.

आज दुपारी पेढ्याचे कागद टेबलावर पडले होते, साहेब जेवायला घरी गेले होते आणि मी विनोदचा फोटो बोटांनी मोठा करून एकेक कोंब बघत बसले होते, तेव्हा दारातून आवाज आला. "येऊ का वं?" केशवकाका. पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा, हातात प्लॅस्टिकची थैली. अकरा वर्षांत ते या ऑफिसात आले नव्हते. मी इतक्या जोरात उठले की खुर्ची मागे भिंतीला लागली. "काकाजी! तुम्ही? या न, बसा." ते खुर्चीच्या टोकावर बसले. "मोटारची बेरिंग गेली, ते घ्याले आलो होतो. म्हटलं हर्षाचं हापिस पाहून घ्यावं." त्यांनी भिंती पाहिल्या, नकाशा पाहिला, कॉम्प्युटर पाहिला. "यातच दिसते का सगळं?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "बापा!" मी चहा सांगितला. हात लपवायला जागा सापडत नव्हती. माझी तयारी होती, सगळ्याची होती. ओरडतील, बाबांचं नाव काढतील, आईचं काढतील. त्यांनी ओरडावं, असं मला फार वाटत होतं. पण ते माझ्याकडे बघून हसले, जरा लाजल्यासारखे. "तुयं नाव झालं म्हनते सगळीकडे. पोलीस पाटीलबी इचारत होता, ते तुमचीच पुतनी न, केशवराव?"

मी म्हटलं, "काकाजी, विनोदनं फोटो पाठवला." त्यांचा चेहरा उतरला. "तो बेअक्कल आहे. मी त्याले म्हटलं होतं, तिले कायले पाठवतं? तिची काय चूक?" चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकला. "गावातबी सांगतलं मी. लोकं म्हनत होते, पुतनीनं फसवलं. मी म्हटलं, नाही जी. मी पावसाचं इचारलं, तिनं पावसाचं सांगतलं. आला का पाऊस? नाही आला." मला राग आला, त्यांचाच राग आला, इतकं भोळं असायचं काय काम आहे माणसाला? मी म्हटलं, "काकाजी, मला सोमवारीच माहीत होतं. तुमचा फोन आला तेव्हा थंडी इथं समोर दिसत होती." ते म्हणाले, "दिसनच न. तुयं कामच हे आहे." "मी सांगायला पाहिजे होतं." "इचारल्याबिगर कोन सांगते, बाई? तलाठी सांगते का? डॉक्टर सांगते का?" मला ते सुटू द्यायचं नव्हतं. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. "मी आईला सांगितलं होतं," मी म्हटलं. "त्याच दिवशी. तुमच्यानंतर दोन तासांनी."

काकांनी बशी खाली ठेवली. पंखा बंद होता, तरी ते वर पंख्याकडे बघत राहिले. त्यांच्या नखांत अजून चिखल होता. मग ते म्हणाले, "तिनं इचारलं असन."

नाही, तिनं विचारलं नव्हतं. ती वाल फोडीत होती. एवढं एक वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं आणि तिथेच बसलं. मी टेबलावरचे पेढ्याचे कागद गोळा करू लागले. कबुली द्यायची म्हटली तरी माणूस ती अर्धीच देतो, उरलेली अर्धी पुढच्यानं समजून घ्यावी म्हणून ठेवून देतो. आणि पुढचा माणूस असा निघाला की त्यानं ती समजून घ्यायचीच नाही म्हणून ठरवलं होतं, किंवा समजून घेतली होती आणि मला दाखवायची नव्हती. मला काही कळेना. मी म्हटलं, "थोडा तरी निघेल का काकाजी, वाळवून?" ते म्हणाले, "ढोरं खातील. एका बांधीचा वाचला, घरापुरता होते." मग एकदम सावरून, मोठ्या आवाजात, बाजारात बोलतात तसं बोलले. "ते जाऊ दे. मले एक काम आहे तुह्याकडं. एक कागद घे."

मी कागद घेतला. "काय काय इचाराचं असते, ते लिहून दे मले. सगळं. आमाले पावसाबिगर काही सुचत नाही, अना तुमाकडं तर किती प्रकार राहते. पुढच्या साली चूक नको व्हाले." मी लिहायला लागले. पाऊस आहे का. थंडी आहे का. वारा किती. गारपीट. धुकं. दव. ते बोट ठेवून एकेक वाचत होते, शाळेतल्या पोरासारखे, ओठ हलवत. "धुकंबी?" "हो, त्यानं करपा येतो." "असं आहे का." मी लिहिलं, कापणी करू का. पाणी सोडू का. आठ प्रश्न झाले. अक्षर मोठं आणि सुटं काढलं, त्यांना चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून. मला वाटलं झालं, मी पेन ठेवलं.

"अना सगळ्यात खाली एक लिही," काका म्हणाले. ते कागदाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "लिही, अजून काही आहे का, जे मी इचारलं नाही?"

मी पेन उचललं.

"असं इचारलं तं सांगशील न?" ते म्हणाले.

मी लिहीत होते, मान खाली घालून. मला ऐकू आलं नाही असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी तेच पुन्हा विचारलं, या वेळी जरा हळू.